कलम २८ : गप्प बसलेल्या शिक्षकांचा इतिहास



या व्याख्यानमालेत आपण शाळेचा इतिहास पाहतो आहोत. शाळा कुणासाठी उघडल्या, पाठ्यपुस्तकं कुणी लिहिली, छडी कधी आणि का गेली, हे विषय होऊन गेले. आजचा विषय असा आहे की त्यावर बोलायचं ठरवल्यावर आम्हालाच दोन दिवस सुरुवात सापडेना. शाळेत समलिंगी मुलांचा, किंवा समलिंगी समजल्या जाणाऱ्या मुलांचा, जो छळ होतो त्याचा इतिहास. म्हणून आधी एक कबुली देतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

आम्ही माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. आवाज बारीक, हातवारे जरा जास्त, मित्र बहुतेक मुलीच. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून एक टाळी वाजायची. कुठली टाळी, ते तुम्हाला सांगायला नको. तळवे आडवे, बोटं पसरलेली. एकच टाळी, मग दबलेलं हसू. तो 'हजर' म्हणायचा, मान खाली घालून. आणि आम्ही? आम्ही पुढचं नाव घ्यायचो. रोज. जून ते ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचं नाव हजेरीपटात राहिलं नाही. पालक दाखला घेऊन गेले, एवढंच कार्यालयातून कळलं.

आम्ही त्या टाळीवर कधी हसलो नाही. आमच्या मनात त्या मुलाबद्दल राग किंवा किळस नव्हती. उलट तो उत्तरं छान लिहायचा. मग आम्ही गप्प का बसलो? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे. मुलं छळ का करतात, हा मानसशास्त्राचा प्रश्न झाला. मोठी माणसं पाहूनही गप्प का बसतात, याला मात्र इतिहास आहे. त्या गप्प बसण्यामागे कायदे असतात, निवडणुका असतात, वर्तमानपत्रांचे मथळे असतात.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्याकडे या प्रकाराला शब्द काय? 'चिडवणं.' 'पोरं चिडवतात हो, तू लक्ष देऊ नकोस.' टिंगल, खोडी, मस्करी. हे सगळे शब्द खेळातले आहेत. त्यांत दोन्ही बाजू सारख्या आहेत असं गृहीत धरलेलं असतं. छळाला खेळाचं नाव दिलं की तो दिसेनासा होतो. ही फक्त मराठीची गोष्ट नाही. युरोपातही या प्रकाराला शास्त्रीय नाव मिळालं ते फार उशिरा. १९६९ साली स्वीडनमधले एक डॉक्टर, पेटर-पॉल हाइनेमान, यांनी मुलांच्या टोळक्याने एकट्या मुलावर तुटून पडण्याबद्दल लिहिलं. मग डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात पद्धतशीर अभ्यास केला. १९८२ साली नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी छळाला कंटाळून आत्महत्या केल्या, देश हादरला, आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारने शाळांमधल्या छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. ओल्व्हेउस यांची व्याख्या आजही वापरली जाते : त्रास देण्याचा हेतू, तो पुन्हा पुन्हा होणं, आणि दोन बाजूंच्या बळात फरक असणं. आमच्या वर्गातल्या त्या टाळीला ही व्याख्या लावून बघा. तिन्ही गोष्टी बसतात.

'होमोफोबिया' हा शब्दही त्याच सुमाराचा. जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९७२ च्या पुस्तकातून तो रूढ झाला. त्याआधी प्रश्न विचारला जायचा तो असा : समलिंगी माणसात बिघाड काय आहे? वाइनबर्गने प्रश्नच फिरवला. समलिंगी माणसाला पाहून ज्याला भीती वाटते, त्याच्यात काय बिघडलं आहे? शाळेच्या संदर्भात एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवू. हा छळ व्हायला मूल समलिंगी असावंच लागतं असं नाही. आवाज, चाल, क्रिकेट न आवडणं, केस बारीक कापणारी मुलगी, एवढं पुरतं. 'बायल्या' म्हणणाऱ्या पोराला समोरच्याच्या लैंगिकतेबद्दल काही माहिती नसते. त्याला माहीत असते ती वर्गाने आखलेली रेघ, आणि ती ओलांडणाऱ्याला शिक्षा करायची सवय.

आता आपण ब्रिटनमध्ये जाऊ. कारण शिक्षकांच्या गप्प बसण्याला प्रत्यक्ष कायद्याचं रूप कसं आलं आणि ते कसं गेलं, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरीकडे क्वचित मिळतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ साली गुन्ह्यातून वगळले गेले, तेही अर्धवट : दोघेही २१ वर्षांवरचे हवेत आणि जागा खासगी हवी. स्कॉटलंडला १९८० पर्यंत आणि उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे कायदा सैल होत होता. समाजमन त्याच वेगाने बदलत होतं का? नाही. ऐंशीच्या दशकात एड्स आला. वर्तमानपत्रांनी त्याला समलिंगी लोकांचा रोग म्हणून रंगवला. ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स ही तिथली दरवर्षीची जनमत पाहणी आहे. १९८३ साली 'समलिंगी संबंध नेहमीच चुकीचे' म्हणणारे लोक ५० टक्के होते. १९८७ साली ते ६४ टक्के झाले. इतिहास सरळ रेषेत पुढे जातो असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत.

त्याच काळात लंडनच्या काही नगरपालिका मजूर पक्षाच्या डाव्या गटाच्या हातात होत्या. त्यांनी समलिंगी नागरिकांसाठी मदतकेंद्रं, दूरध्वनी सेवा यांना अनुदान दिलं, शाळांमध्ये या लोकांचं बरं चित्र उभं राहावं असं धोरण जाहीर केलं. आणि मग एका पुस्तकावरून वादळ उठलं. सुझान बोश्चे या डॅनिश लेखिकेचं लहान मुलांसाठीचं एक फोटोंचं पुस्तक होतं. एक छोटी मुलगी तिच्या वडिलांबरोबर आणि त्यांच्या जोडीदाराबरोबर राहते, वाढदिवस, बाजारहाट, घरातली कामं, एवढीच गोष्ट. इंग्रजीत ते १९८३ साली आलं. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाकडे, शिक्षकांसाठीच्या संदर्भ केंद्रात ते होतं. वर्गात मुलांना वाटलं जात नव्हतं. १९८६ मध्ये वर्तमानपत्रांनी मात्र अशी हाकाटी केली, की जणू घरोघरच्या दप्तरात ते पुस्तक सापडतंय.

१९८७ च्या ऑक्टोबरात ब्लॅकपूलला हुजूर पक्षाचं अधिवेशन भरलं. त्या जूनमध्येच तिसऱ्यांदा निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी भाषणात तक्रार केली की, ज्या मुलांना पारंपरिक नीतिमूल्यं शिकवायची त्यांना समलिंगी असण्याचा हक्क आहे असं शिकवलं जातंय, आणि अशा मुलांची फसवणूक होते आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या डिसेंबरात डेव्हिड विल्शर या खासदाराने स्थानिक स्वराज्य विधेयकात एक दुरुस्ती घातली. तीच पुढे कलम २८ म्हणून कुप्रसिद्ध झाली. २४ मे १९८८ पासून ती लागू झाली.

कलमात काय होतं? दोन गोष्टी. एक, कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाने समलैंगिकतेचा हेतुपुरस्सर 'प्रसार' करू नये. दोन, समलिंगी नातं हे कुटुंबाचंच एक मान्य रूप आहे असं शाळांमध्ये शिकवण्याला उत्तेजन देऊ नये. कायद्याची भाषा अशी, की समलिंगी कुटुंब हे कुटुंब असल्याचा नुसता बहाणा. ज्या मुलाच्या घरी दोन आया होत्या, त्याला देशाच्या संसदेने सांगितलं की तुझं घर म्हणजे सोंग आहे.

आता नीट लक्ष द्या, कारण खरी गंमत इथे आहे. गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे. हे कलम लागू होतं स्थानिक प्राधिकरणांना. शाळांना नाही. शिक्षकांना तर नाहीच. १९८६ च्या शिक्षण कायद्याने लैंगिक शिक्षणाचा निर्णय आधीच शाळांच्या नियामक मंडळांकडे दिला होता. वर्गात समलैंगिकतेवर वस्तुनिष्ठ चर्चा करायला किंवा मुलाला समुपदेशन करायला कलमाची आडकाठी नाही, असं सरकारच्याच १९८८ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. कलमात शिक्षेची तरतूद नव्हती. या कलमाखाली एकाही शिक्षकाला कधी शिक्षा झाली नाही.

तरीही पंधरा वर्षं ब्रिटनमधले शिक्षक गप्प बसले.

का? स्वतःला त्या जागी ठेवून बघा. तुम्ही मँचेस्टरच्या एखाद्या शाळेत शिकवताय. मधल्या सुट्टीत एक मुलगा दुसऱ्याला घाणेरडी शिवी देतो, त्याच्या समलिंगी असण्यावरून. तुम्ही म्हणता, 'असं बोलायचं नाही.' इथवर ठीक. तो विचारतो, 'का नाही? वाईटच आहे ना ते?' आता तुम्हाला उत्तर द्यायचंय. 'नाही, त्यात वाईट काही नाही' असं म्हणालात, तर तो 'प्रसार' झाला का? कायद्यात 'प्रसार' म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. उद्या त्या मुलाचे वडील वर्तमानपत्राकडे गेले तर? मुख्याध्यापक तुमच्या पाठीशी उभे राहतील? तुम्हाला खात्री नसते. मग दुसरं वाक्य बोलायची वेळ येऊ नये म्हणून तुम्ही पहिलंही बोलत नाही. मधल्या सुट्टीत त्या कोपऱ्याकडे बघायचंच नाही, असं हळूहळू अंगवळणी पडतं.

संदिग्ध कायदा असाच काम करतो. स्पष्ट कायद्याने बंदी घातलेली जागा ठरलेली असते, तिच्या काठापर्यंत चालता येतं. संदिग्ध कायद्याचा काठच दिसत नाही, म्हणून माणूस चार पावलं मागेच थांबतो.

आणि ज्या शिक्षकांनी बोलावं असं वाटेल, म्हणजे स्वतः समलिंगी असलेले शिक्षक, त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. समलिंगी म्हणून नोकरीवरून काढण्याविरुद्ध ब्रिटनमध्ये थेट कायदेशीर संरक्षण आलं ते १ डिसेंबर २००३ ला. तोवर त्यांनी अशा मुलाची बाजू घेणं म्हणजे स्वतःवर बोट दाखवून घेणं होतं. मुलाची स्थिती काय? पुरुषांच्या समलिंगी संबंधांसाठी संमतीवय १९९४ पर्यंत २१ होतं, मग १८ झालं, आणि इतरांच्या बरोबरीने १६ झालं ते २००१ मध्ये. पंधरा वर्षांच्या मुलाने 'मला यावरून मारतात' अशी तक्रार करायची, तर जे मान्य करावं लागेल त्याचा वास गुन्ह्याचाच येत होता. म्हणजे बोलू शकणारे तिघं, मूल, समलिंगी शिक्षक आणि बाकीचे शिक्षक, तिघांच्याही तोंडावर हात.

यातला विरोधाभास बघा. याच वर्षांत ब्रिटन शाळेतल्या छळाबद्दल जागा होत होता. १९९४ मध्ये सरकारने शाळांसाठी एक मार्गदर्शक संच काढला. त्याच्या नावाचाच अर्थ होता, गप्प राहून सोसू नका. १९९८ च्या कायद्याने छळ रोखण्याचे उपाय ठरवणं प्रत्येक सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकावर बंधनकारक केलं. एक हात मुलाला सांगतोय, बोल. दुसरा हात शिक्षकाला सांगतोय, ऐकू नकोस. लंडन विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या संशोधकांनी १९९७ साली माध्यमिक शाळांची पाहणी केली. त्यात समलिंगी असण्यावरून शिवीगाळ होते हे आपल्याला माहीत आहे असं सांगणारे शिक्षक ८२ टक्के होते. छळाविरुद्धचं सर्वसाधारण धोरण जवळपास प्रत्येक शाळेकडे होतं. त्यात या प्रकारच्या छळाचा उल्लेख होता तो ६ टक्के शाळांत. ८२ आणि ६. माहीत आहे, पण कागदावर नाही. गप्प बसण्याचं याहून चांगलं मोजमाप आम्हाला सापडलेलं नाही.

विरोध झाला नाही असं नाही. विधेयक संसदेत असतानाच, २ फेब्रुवारी १९८८ ला, हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या प्रेक्षागृहातून काही स्त्रिया दोरीने खाली सभागृहात उतरल्या. दोरी कसली, तर कपडे वाळत घालायची. २० फेब्रुवारीला मँचेस्टरमध्ये वीस हजारांवर लोकांचा मोर्चा निघाला. कायदा लागू होण्याच्या आदल्या संध्याकाळी, २३ मे रोजी, बीबीसीच्या सहाच्या बातम्या चालू असताना काही स्त्रिया थेट स्टुडिओत घुसल्या. देशाने बातम्यांच्या मागे धडपड आणि दबलेले आवाज ऐकले. इयन मकेलन हे मोठे नट. त्या जानेवारीत रेडिओवरच्या एका वादात या कलमाविरुद्ध बोलता बोलता त्यांनी आपण स्वतः समलिंगी असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, त्यांनी इतरांबरोबर 'स्टोनवॉल' ही संघटना काढली. म्हणजे ज्या कायद्याने लोकांना गप्प करायचं होतं, त्याच कायद्याने काही लोकांना बोलतं केलं. पण ही बोलणारी मंडळी शाळेबाहेर होती. शाळेच्या आत शांतता तशीच.

कलम जायला किती वर्षं लागली? स्कॉटलंडमध्ये २००० साली. तिथे ब्रायन सूटर या बसकंपनीच्या मालकाने स्वतःच्या पैशाने टपालाने जनमत घेतलं. साडेबारा लाखांच्या आसपास लोकांनी उत्तरं पाठवली आणि त्यांतले ८६ टक्क्यांहून अधिक कलम ठेवावं म्हणत होते. तरीही जूनमध्ये स्कॉटिश संसदेने ९९ विरुद्ध १७ मतांनी ते रद्द केलं. इंग्लंड-वेल्समध्ये लॉर्ड्सनी रद्द करण्याचा प्रयत्न २००० साली हाणून पाडला. शेवटी १८ नोव्हेंबर २००३ रोजी ते गेलं. १९८८ मध्ये पाच वर्षांचं असलेलं मूल त्या दिवशी वीस वर्षांचं होतं. एका पूर्ण पिढीने शाळा या कलमाखाली संपवली होती. २००९ मध्ये डेव्हिड कॅमेरन यांनी आपल्या पक्षाच्या वतीने या कलमाबद्दल माफी मागितली.

मग कलम गेल्यावर छळ थांबला का? स्टोनवॉलने शाळकरी मुलांच्या पाहण्या केल्या. २००७ साली समलिंगी आणि उभयलिंगी मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत या कारणाने छळ झाल्याचं सांगितलं. २०१२ मध्ये ५५ टक्के. २०१७ मध्ये ४५ टक्के. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून इथे एक सावधगिरी. हे आकडे बाजू घेणाऱ्या संघटनेने, स्वतःहून उत्तर देणाऱ्या मुलांकडून गोळा केलेले आहेत. जनगणनेसारखे ते वाचू नयेत. पण त्यांची दिशा एकच आहे, आणि वेगही दिसतो. कायदा एका दिवसात गेला. त्याने लावलेली सवय जायला दहा-पंधरा वर्षं लागली आणि पुरती गेली नाहीच. शिक्षकांच्या खोलीत जुने शिक्षक नव्या शिक्षकांना सांगत राहिले, 'त्या विषयात पडू नकोस.' कायद्याचं पुस्तक बदलतं तेव्हा ही कुजबुज आपोआप बदलत नाही.

एक तुलना थोडक्यात करू. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जेमी नाबोझ्नी हा मुलगा शाळेत वर्षानुवर्षं मार खात होता. एकदा इतका मार बसला की शस्त्रक्रिया करावी लागली. शाळेच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं, तू उघडपणे असा वागतोस तर हे होणारच. त्याने दावा लावला. १९९६ साली केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की, मुलींच्या छळाची दखल घेणारी शाळा याच मुलाच्या छळाकडे डोळेझाक करत असेल, तर समान संरक्षणाच्या घटनात्मक हक्काचा प्रश्न उभा राहतो. पुढे ज्युरीने शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं आणि नऊ लाख डॉलरहून अधिक भरपाईवर तडजोड झाली. इथे महत्त्वाचं काय? शिक्षा मारणाऱ्या पोरांच्या पलीकडे गेली. पाहून न पाहिल्यासारखं करणाऱ्या मोठ्यांना पहिल्यांदा किंमत मोजावी लागली.

आता घरी येऊ.

आपल्याकडचं कलम ३७७ हे ब्रिटिशांनीच दिलेलं. १८६० च्या दंडविधानातलं. ते २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने परत बसवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढलं. कलम २८ सारखं शाळेला उद्देशून केलेलं कलम आपल्याकडे कधी नव्हतं. त्याची गरजच नव्हती, असं आम्ही म्हणू. आपली शांतता कायद्याशिवायच चालत होती.

महाराष्ट्रापुरतं बघा. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. वाचकांच्या हस्तमैथुन, समलैंगिकता अशा विषयांवरच्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा त्या खटल्याचा गाभा होता. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. त्र्याहत्तर वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने तो थांबवला. शब्द पुन्हा तोच : मुलांना हे सांगणं म्हणजे उत्तेजन देणं. १९८७ चं ब्लॅकपूल आणि २००७ ची मुंबई यांच्यात ओळखदेख नव्हती, पण भीतीची भाषा एकच होती. रशियाचा २०१३ चा आणि हंगेरीचा २०२१ चा कायदा काढून बघा, तिथेही 'प्रचार' आणि 'प्रसार' हेच शब्द भेटतील.

बदल आलेत, तेही सांगायला हवेत. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि तृतीयपंथी ओळख यांवरून होणारा छळ स्पष्टपणे घातला. पण तो नियम महाविद्यालयांचा. टाळी आठवीत वाजते. युनेस्कोने तामिळनाडूत 'सहोदरन' या संस्थेबरोबर केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात भाग घेतलेल्या तरुणांपैकी ६० टक्के जणांनी माध्यमिक शाळेत शारीरिक छळ झाल्याचं सांगितलं. २०२१ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी शाळांनी काय बदल करावेत याच्या सूचना दिल्या. त्याच वर्षीच्या अखेरीस एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर टाकली. तक्रारी झाल्या आणि काही दिवसांत ती उतरवली गेली. म्हणजे शिक्षकाच्या हातात काही द्यायचं, आणि त्याने उघडून वाचायच्या आत परत घ्यायचं. तो शिक्षक यातून काय शिकला असेल? जे ब्रिटनमधला शिक्षक १९८८ मध्ये शिकला तेच. या विषयात पडू नकोस.

तेव्हा, आम्ही गप्प का बसलो होतो? आम्हाला कुणी बंदी घातली नव्हती. आम्हाला फक्त माहीत होतं की त्या टाळीला नाव दिलं, तर पुढचा प्रश्न येईल, आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आमच्या पाठीशी कुणीच नाही. हे कारण आहे. ही सबब होऊ शकते का, ते तुम्ही ठरवा. आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे.



[व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून]

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुम्ही सांगितलं ते सगळं पटलं. पण आम्ही नेमकं करायचं काय? लैंगिकतेवर बोललो तर उद्या गावच दारात उभं राहील.

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे, तिला आम्ही हलकं म्हणणार नाही. पण ब्रिटनच्या अनुभवातून एक गोष्ट शिकता येते. तिथे शिक्षकांनी दोन प्रश्न एकात मिसळले. लैंगिकता शिकवायची की नाही हा एक प्रश्न. समोर छळ चाललाय तो थांबवायचा की नाही हा दुसरा. पहिल्यावर वाद असतील, दुसऱ्यावर नाही. तिथे २००० साली, कलम २८ अजून जिवंत असतानाच, सरकारी मार्गदर्शिकेत लिहिलं गेलं की समलिंगी असण्यावरून होणारा छळ शाळांनी हाताळलाच पाहिजे. म्हणजे ते कधीही करता आलं असतं. तुम्ही वर्गात व्याख्यान देऊ नका. टाळी वाजली की हजेरी थांबवा. एवढंच. पेन खाली ठेवा आणि म्हणा, 'हे या वर्गात चालणार नाही.' कुणी 'का' विचारलं तर म्हणा, 'तो या वर्गातला आहे म्हणून.' यावर कुठलं गाव दारात येईल?

प्रश्न : पण त्याने त्या मुलाकडेच जास्त लक्ष जाणार नाही का?

उत्तर : जाऊ शकतं. म्हणून त्याचं नाव घेऊन काही बोलू नये, टाळी वाजवणाऱ्याबद्दल बोलावं. आणि त्याला नंतर एकट्याला विचारावं, पण त्याने काही कबूल करावं अशा अपेक्षेने नव्हे. तो काय आहे हे आपल्याला कळायची गरज नाही. त्याला त्रास होतोय का, एवढंच पुरे.

प्रश्न : त्या आठवीतल्या मुलाचं पुढे काय झालं?

उत्तर : आम्हाला माहीत नाही. दाखल्यावर कुठल्या शाळेचं नाव होतं तेही आम्ही कार्यालयात जाऊन पाहिलं नाही. आता तो पस्तिशी ओलांडलेला असेल. हे ध्वनिमुद्रण कुणीही ऐकू शकतं, म्हणून त्याचं नाव घेत नाही. त्या वर्षी जून ते ऑक्टोबर जवळजवळ शंभर दिवस शाळा भरली असेल. शंभर वेळा हजेरी थांबवता आली असती.